मागच्या पानावरचे नंबर

वही शाळेचीच. शंभर पानी.
इंद्याला शाळेत घालायचा म्हणून घेतलेली.
शाळेनं त्याला ठेवून घेतलं नाही,
वही राहिली.

मग मीच लिहायला लागले, मागच्या पानापासून.
पहिला नंबर कंडक्टरनं दिला,
ढालगाव-मिरज गाडीत, तिकिटाच्या पाठीवर :
"माझ्या मेव्हण्याच्या पोराचं इथंच झालं बघा."
काय झालं, ते विचारायचं राहिलं.
तो नंबर लागत नाही.
तरी खोडला नाही.

सांगलीला सिव्हिलमध्ये बुधवारी बोर्ड बसतो.
आम्ही गेलो मंगळवारी.
पुढच्या बुधवारी गेलो, तर डॉक्टर शिबिराला.
त्याच्या पुढच्या बुधवारी मशीनवर बोट उमटेना.
नऊ वर्षांच्या पोराची मूठ
सरकारला उघडता आली नाही.
मी उघडली.
रोज रात्री तेल लावून उघडते तशीच,
आधी अंगठा, मग एकेक बोट.
मागची रांग तेवढा वेळ गप्प होती.

शेडवर तीन खाडे पडले.
मी बेदाणा निवडते.
हिरवा इकडं, पिवळा तिकडं, काळा खाली पाटीत.
हात चालतो, डोकं लागत नाही.
डॉक्टरांनी इंद्याचा गुडघा वाकवला, टाच दाबली,
न बघता काहीतरी लिहिलं,
आणि मला माझाच हात दिसला
चाळणीवरचा.

पासष्ट टक्के.
शिक्का, सही, आणि झेरॉक्सवाल्याचा सल्ला,
"ताई, लॅमिनेशन करू नका, पुढं अजून शिक्के लागतील."

उरलेल्या पस्तिसात काय काय येतं
ते कुणी लिहून देत नाही.
आवाजावरनं त्याला कळतं,
मालगाडी आली की पॅसेंजर.
डाळीत मीठ विसरलं की तो हसतो,
आजवर एकदाही चुकला नाही.

शमशादभाभी रांगेतच भेटल्या, मिरजेच्या.
त्यांची यास्मिन बावीस वर्षांची.
मान माझ्या इंद्यासारखीच कलायची,
पण खुर्चीला मागं अर्धा भोपळा बसवलेला,
आतून मऊ फडकं शिवलेलं.
डोकं त्यात असं टेकलेलं, जसं त्याच्याच मापाचं.
"सतारीचा आहे," त्या म्हणाल्या.
"तडकलेला. ह्यांच्या कारखान्यात असे पडून असतात.
खुर्चीचा अर्ज देऊन ठेवा, येईल तेव्हा येईल.
मान आजची आज धरायला पाहिजे."

त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले.
तालमीमागं व्यायाम शिकवणारी पोरगी, पैसे घेत नाही, शनिवार सोडून.
निराधारचा अर्ज तहसीलला, खिडकी तीन, दुपारी साहेब जागेवर नसतात.
पासाचा फोटो घरीच काढा, तिथं पोरगं रडतं.
एका नंबरापुढं नुसतं "चांगली बाई" एवढंच लिहिलंय.
ती कोण, कशासाठी, आता आठवत नाही.

निघताना भोपळा दिला पिशवीत घालून.
गाडीत बाया विचारत होत्या, भाजीला कसा लागतो हा?
मी म्हटलं, गोड.

खुर्ची आली दिवाळीनंतर.
मोठ्या माणसाच्या मापाची.
पाय लोंबतात, खाली विटा ठेवते.
भोपळा मात्र बरोबर बसला.

परवा रात्री फोन वाजला.
जतकडची कुणी बाई. नंबर कुठनं मिळाला, तिलाही सांगता येईना.
बोलताना मागं एक लेकरू ओरडत होतं,
ते ओरडणं मला ओळखीचं.
ती म्हणाली, कुठनं सुरू करू तेवढंच सांगा.

वही उघडली. पानं सुटायला आलीत.
म्हटलं, पेन घे.
बुधवारी जा. मंगळवारी जाऊ नको.
पाणी घरचं ने.
आणि ऐक,
मूठ आदल्या रात्रीच तेल लावून सैल करून ठेव.
तिथं घाई करतात.