शेपटाला बांधलेला सोल

विट्याच्या नूतन स्टुडिओत, बिलं टोचायच्या खिळ्याशेजारी
हा फोटो सत्तेचाळीस वर्षं टांगलेला.
ओढ्यात नाक खुपसलेलं छोटं विमान,
उसावर औषध मारणारं, एकट्या माणसाचं.
भोवती अकरा जण. मागे शाईने:
‘विमान अपघात, १९७८. पायलट ठार.’

मी विम्याचा सर्व्हेअर. निवृत्त झालो,
पण जळालेली गोदामं, बुडालेले ट्रक बघून बघून
डोळ्याला लागलेली खोड गेली नाही.
अमीनला म्हटलं, काच काढ.

भिंग लावलं.
पंख्याची पाती सरळ. म्हणजे खाली येताना
इंजिन बंद होतं. ते आपटलं नाही, टेकलं.
सावल्या येरळेच्या बाजूला, पश्चिमेला, लांब.
सकाळ.
आणि गावातलं कुणीही सांगतं,
विमान पडलं ते दिवस मावळताना,
म्हशी घरी येत होत्या.
मधल्या रात्रीचा हिशेब लागेना.

अकरा जणांपैकी मला तेवीस भेटले.
प्रत्येकाचा हात पंखावर होता.
एकाने पायलटचं रक्त पुसलेलं,
एकाने पाणी पाजलेलं, शेवटचं.
जोतीराम लेंगरे मात्र ट्रॅक्टरचा विषय निघाला की
चहा सांगायला उठायचे.

उरली कोपऱ्यातली बाई.
दहा जण विमानाकडे बघतात,
ही एकटी वर, आभाळात.
त्या मानेवर मी आठवडा घालवला.
दुसरं विमान होतं का? घारी?
कुणी छत्रीने उतरत होतं?
वहीची तीन पानं भरली.

शेवंताबाई शिंगाडे, सत्तरीच्या पुढच्या.
फोटो डोळ्याशी नेला आणि हसल्या.
‘वर कुठलं बघतीया! मान धरलीवती.
आदल्या रातीला सोल वढून वढून.’

कुठला सोल?

मग ती रात्र आली:
विमान धडधाकट, हरभऱ्यात उतरलेलं.
पायलट ताक पिऊन कारखान्याच्या जीपने गेलेला,
जाताना बजावून, हात लावू नका.
पण पहाटे पाटाला पाळीचं पाणी सुटणार.
‘भिजंल की ते. लोकाची वस्तू.’
म्हणून ट्रॅक्टर, कंदील,
शेपटाला विहिरीचा सोल, निम्मं गाव सोलाला.
तालीवर चढवलं,
चढलंही होतं,
आणि सोल तुटला.
मागच्या मागं, नाक पुढे करून, ओढ्यात.

पुन्हा भिंग. शेपटाशी जिला मी
निगेटिव्हवरचा ओरखडा समजत होतो
ती दोरी होती. टोक पिंजलेलं.

अडीच हजार रिपोर्ट लिहिले असतील.
‘नुकसानीचे कारण’:
आग, पूर, ब्रेक निकामी, चालक नशेत.
‘भिजंल की ते’ याला रकाना नाही.

‘ठार’ अमीनच्या वडिलांनी लिहिलेलं.
‘अब्बा म्हणायचे, पायलट जिता ठेवला
तर प्रत आठ आण्याला पण जात नाही.’

शेवंताबाईंना प्रत हवी होती.
विमान नको. त्या वयातला दुसरा फोटोच नाही,
लग्नातसुद्धा कुणी काढला नव्हता.
अमीनने पडद्यावर कापत कापत आणलं:
पदर, कपाळ, मागे पंखाचं एवढंसं टोक.
त्या बराच वेळ बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, ‘तेवढी मान सरळ हुतीया का बघ.’

अमीनने माझ्याकडे बघितलं.
मी चष्मा पुसायला घेतला.