बरणी नंबर एकशे सात

झूलॉजीच्या म्युझियममध्ये, तिसऱ्या फळीवर
फॉर्मालिनमध्ये एक गोगलगाय आहे.
लेबलावर कुणाच्या तरी वळणदार अक्षरात: जांभळी, खुल्या समुद्रातली.
जांभळा केव्हाच उतरला.
आता ती भिजवलेल्या साबुदाण्याच्या रंगाची.

पंधरा वर्षं मी ती शिकवते.
समुद्र पाहिला दोनदा, दोन्ही वेळा काठावरून,
आणि तिला काठ माहीत नाही.

बरण्या पुसायला देवाजी पराते येतात.
बापाचा हातमाग होता गोळीबार चौकाकडे,
त्यांच्या वाट्याला ही काच आली.
"मॅडम, हे पोहते का?"
नाही हो. पोहता येत नाही तिला.
पायानं हवा धरते, चिकट लाळेत गुंडाळते,
बुडबुड्याला बुडबुडा जोडते
आणि त्या तराफ्याला उलटी लटकून जन्म काढते.
तराफा सुटला की संपलं.
खाली तळ आहे, पण पोचेपर्यंत ती उरत नाही.

परातेंचं फडकं थांबतं.
"म्हन्जे रोजचं रोज विनाच लागते."

तिथे आडोसा नाही, पराते.
खडक नाही, बीळ नाही, गवताचं पातं नाही.
वरून पक्षी, खालून मासे, आणि ऊन तर आपल्यासारखंच, सावलीशिवाय.
लपायचं तर स्वतःच्याच अंगात.
कुणी काचेसारखं होतं,
पोटातला घास तेवढा दिसतो, बाकी पाणी.
कुणी वरची बाजू निळी करतं, खालची रुपेरी.
वरून बघणाऱ्याला नुसती खोली,
खालून बघणाऱ्याला नुसतं आभाळ.

"असा पदर माहा बाप काढे," पराते म्हणतात,
"इकून निळा, तिकून चांदीवानी.
डोळे गेले त्याचे त्याच्यात."

हिलाही डोळे नसतात,
हे मी त्यांना सांगत नाही.

पंचेचाळीस अंशांत घरी जाताना
दुपट्टा गुंडाळलेल्या मुली स्कूटीवरून जातात, डोळे तेवढे उघडे.
मीही त्यांतलीच.
फुटाळ्याशी थांबते.
पाण्यावर पाणनिवळी, चार ठिकाणी चार खळगे पाडून उभी.
हिची एक चुलत बहीण महासागराच्या मध्यावर चालते,
जमीन न बघता जन्मते, न बघता मरते.
अंडी घालायला तिला काहीतरी तरंगतं लागतं:
पीस, लाकूड, हल्ली काहीही.
खर्र्याची एक पन्नी काठाशी येते.
मी वाकून बघते, तिच्यावर कुणी आहे का.

तोंडी परीक्षेला रजनी पोरेटी.
धानोऱ्याहून आलेली, मुठीत रुमाल.
बरणी पुढे ठेवून विचारलं, काय सांगशील?
बराच वेळ नुसती बघत राहिली.
मग तिनंच विचारलं,
"मॅडम, हे झोपते केव्हा?"

पुस्तकात नाही. मला माहीत नाही.
मी दहापैकी दहा लिहिले,
बाहेरचे परीक्षक चष्म्यावरून बघत होते
म्हणून नऊ केले.

पंखा बंद. मुली गेल्या.
पराते बरणी फळीवर ठेवतात,
फॉर्मालिन हिंदकळतं,
ती किंचित वर येते,
तरंगल्यासारखी,
आणि सावकाश खाली जाऊन
काचेच्या तळाला टेकते.