सात पॉइंट दोन

अडावदच्या शिवारात, केळीच्या बागेला लागून,
वांगी अजून भाजायची होती
आणि वादाने आधीच पेट घेतला.

लोटन महाजन म्हणाला, विस्तव हाच माणसाचा पहिला आजार.
नाशिकच्या शिबिरातून आल्यापासून
तो चुलीकडे पाठ करून बसतो :
मोडाची मटकी, काकडी, कोवळी भेंडी,
आणि केळं, जे तो आजवर फक्त विकायचा.
बोलता बोलता त्याने एक वांगं उचललं,
धोतराला पुसलं, चावलं,
आणि तोंड सरळ ठेवायला त्याला जे कष्ट पडले
ते आम्ही सगळ्यांनी पाहिले.

रुबाब तडवी पऱ्हाट्या रचत होता.
तापीच्या माशांवर वाढलेला माणूस,
सत्तरीत अजून पाटावरून उडी मारतो.
म्हणाला, बकरी पाला खाते, मी बकरी खातो.
पाला माझ्याही पोटात जातोच ना?
चावायचं काम तेवढं तिला दिलंय.

निंबा अण्णांनी कानाला हात लावला.
तिकडून मिरच्या ठेचता ठेचता शेवंताकाकू ओरडली,
यांनी मटण सोडून अकरा वर्षं झाली,
आता रोज शेवभाजी, तर्री बोटभर.
शेव काय, शाकाहारीच की!

तेजल पुण्याहून आलेली. तिने दूधही सोडलंय.
आजोबा, दूध वासराचं असतं.
आणि भुईमूग कुणाचा असतो गं? अण्णा म्हणाले.
ती विचारात पडली. खरंच पडली.

मी गप्प.
चोपड्याला अठ्ठावीस वर्षं मी रक्त काढतोय,
इथल्या प्रत्येक दंडाची शीर मला अंधारातही सापडेल.
रक्त सगळ्यांचं सारखंच लाल, असं म्हणतात.
नसतं.
कुणाचं पळसासारखं,
कुणाचं नळीत ठेवलं की वर सायीचा थर धरतं,
कुणाचं धुतलेल्या कुंकवाचं पाणी.
लोटनचं बी-ट्वेल्व मला माहीत आहे,
रुबाबचं युरिक ॲसिड, अण्णांची साखर,
पण ते मी भरीत पार्टीत बोलत नसतो.

एव्हाना वांगी काळी झाली, सोलली गेली,
आणि सुपडाबाई कोळी बडगीशी बसली.
हाणते, थांबते. हाणते, थांबते.
ते थांबणं फक्त मला ऐकू येत होतं.
मंगळवारी तिचा कागद मीच दिला होता.
मशीनवर विश्वास बसेना म्हणून दोनदा लावलेला.
तिने विचारलं होतं, कितना मार्क?
सात पॉइंट दोन.
दहामाईन? मंग पास ना, भाऊ!

मी हाक मारली, सुपडाबाई, सकाळी काय खाल्लं?
च्या.
दुपारी?
हाई तुमनं भांडण.
सगळे हसले, लोटन सर्वात मोठ्याने.
बरं, रोज काय खातेस?
बडगीतून नजर न काढता ती म्हणाली,
जे उरस ते.

पऱ्हाटी तडतडली.
रुबाबने उगाच एक काडी आत सारली.
मग काकूने केळीचं पान फाडलं,
पहिलं भरीत सुपडाबाईला वाढलं, कळण्याच्या दोन भाकरी,
वर तेलाची धार.
ती नको नको म्हणत टेकली,
आणि म्हणाली, माले कच्ची पातबी द्या.
बघा! लोटन उठून उभाच राहिला. कच्चं मागितलं!
मुळा घे, मुळा!
तेल पाहा किती, तेजल म्हणाली.
आमच्याकडे अंडी आहेत, रुबाब म्हणाला, उद्या पोराला पाठव.
आणि वाद पुन्हा भडकला, थेट तिच्या पानाच्या कडेला.

ती सावकाश जेवली.
पांढरी नखं राखेने काळी झालेली,
त्यामुळे कुणालाही बरीच वाटली असती.
भाकरीचा शेवटचा तुकडा फिरवताना
तिने मला हळूच विचारलं,
वांगामा लोखंड ऱ्हास का, भाऊ?
कापं का काळं पडस.

ऱ्हास, मी म्हणालो.

किती, ते नाही सांगितलं.
गोळ्यांची पट्टी तिच्या पिशवीत सरकवली
आणि अण्णांना ओरडलो,
तर्री कमी करा.