दोन रुपये सुट्टे

एकोणीस वर्षं मी हा स्टॉप ओरडून सांगितला.
छावणी गेली की दाराच्या दांड्याला लोंबकळत:
चला, पागलखाना, पागलखानावाले उतरा,
बाकीच्यायनं पुढच्या खेपेले या!
बस हसायची. रोज, त्याच जागी,
गतिरोधक आल्यासारखी.

मशीनमध्ये ते नाव नव्हतंच कधी.
तिकिटावर छापून यायचं मानकापूर.
ते नाव फक्त आमच्या तोंडात होतं,
खर्र्यासारखं,
या गालातून त्या गालात.

एक बाई असायची, बुधवारची.
करडी पिशवी, पिशवीत फाईल.
पुढच्या टप्प्याचं तिकीट काढायची
आणि उन्हात मागे चालत यायची.
मला वाटायचं, काय बावळट बाई,
दोन रुपये जास्त देते आणि वर चालते.

आता बुधवार माझा आहे.

कसं सुरू झालं ते नीट सांगता येत नाही.
एप्रिलात एका रात्री कूलरमध्ये पाणी भरायचं राहिलं.
कूलर कोरडाच फिरत होता, गरम वारा फेकत,
मी जागा होतो, बघत होतो, उठलो नाही.
बादली दारातच होती, भरलेली.
एवढंच.
पण ते दुसऱ्या दिवशीही झालं, तिसऱ्याही,
आणि मे संपेपर्यंत
चपलेत पाय घालणं हेच दिवसाचं काम होऊन बसलं.

हात मोडला होता तेव्हा अख्खा डेपो घरी आला होता.
प्लास्टरवर सह्या केल्या, एकानं बदक काढलं.
कावीळ झाली तर नंदनवार काकूंनी
महिनाभर उसाचा रस पोचवला.
या खेपेला काकू उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या,
"काहून असा करून राहिला रे?
पोरगी हुशार, घर सोताचं,
कशाची कमी हाय तुले?"
शोधली ना काकू, फार शोधली कमी.
सापडली असती तर भरून टाकली असती.

साळा म्हणाला, संध्याकाळी फुटाळ्यावर जाऊन बसत जा, बरं वाटते.
बायकोनं त्याच्याकडे असं पाहिलं
की तो अर्धा चहा टाकून निघाला.
तिला माहीत आहे
मी फुटाळ्याकडे का जात नाही.

रजेच्या अर्जावर एक रकाना असतो: आजाराचे स्वरूप.
मी लिहिलं, नैराश्य.
बारापात्रे बाबूनं चष्मा कपाळावर नेला.
"हे तं मलेही होते बापा, दर सोमवारी.
टायफाईड लिव. टायफाईड चालते."
चांगला माणूस आहे. पेनही त्यानंच दिला.
मी टायफॉईड लिहिला.
सही करताना हात थरथरला,
तर म्हणाला, पाय, अशक्तपणा हायच.

पहिले तीन बुधवार मीही पुढच्या टप्प्याचं तिकीट काढलं.
आज गाडीवर नवा पोरगा होता, मला न ओळखणारा.
म्हटलं, मनोरुग्णालय, एक.
"कुठी आलं ते?"
मागून एक म्हातारी, "अरे, पागलखाना म्हंते तो."
"असं सांगा नं मंग!"
दोघंतिघं हसले.
वाईट नव्हतं ते हसणं.
मीच शिकवलेलं होतं.

ओपीडीच्या बाकावर ती बाई होती, तीच पिशवी.
सरकून जागा केली.
बराच वेळ समोरच्या खिडकीकडे बघत बसली,
मग म्हणाली,
"छावणीच्या गाडीवर होते ना तुम्ही?"
"हो."
"माझे दोन रुपये राहिले तुमच्याकडे.
सुट्टे नव्हते तेव्हा. थंडीचे दिवस होते."

मी खिसे चाचपले.
गोळ्यांची पट्टी निघाली, नऊ शिल्लक.
तिकीट निघालं.
"असू द्या," ती म्हणाली,
"पुढच्या बुधवारी."