उत्तरदाता क्रमांक त्रेसष्ट

सांवेरच्या पुढे, बस सोडून दीड कोस.
पिशवीत एकशेवीस प्रश्नावल्या,
प्रत्येकीत तेच रकाने:
सहमत, असहमत, सांगता येत नाही.

गेंदाबाईनं ओलं फडकं उलगडलं.
सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ठेवलेले,
एकाहत्तरांना मोड.
"म्हणजे बी थोडं जास्त टाकायचं,"
आणि तिच्या माळवीत लगेच,
तुझं शिकणं संपणार कधी?
मी खूण केली शेवटच्या रकान्यात.

इंदूरला सरांची लाल शाई:
हे ज्ञान बाईंपर्यंत पोचलं कुठून? स्रोत लिहा.
रेडिओ, मेळावा, ग्रामसेवक, शेजारी.
चारही चौकोन कोरे.

पाचवं वर्ष.
खोलीवर, पोह्यांच्या उष्ट्या बशीशेजारी
माझा ओला रुमाल, आत दहा दाणे.

अजून उलगडला नाही.