मे महिन्यातली संक्रांत

मेरगू शेठना दिनदर्शिका हवी होती,
टॉवेलच्या चिंध्यांच्या बाहुल्यांची,
बारा पानं, बारा सण.
जूनमध्ये कागद स्वस्त मिळतो म्हणाले,
म्हणून पुढचं सगळं वर्ष आम्ही
नऊ दिवसांत उरकलं,
साखर पेठेतल्या माझ्या स्टुडिओत.
बाहेर चव्वेचाळीस.

बाहुल्या बालमणी कुरापाटीच्या.
ती विड्या वळते,
आणि पानं कापायच्या कात्रीनेच
वीतभर माणसं कापते.
नाक काढत नाही.
"नाक काढलं की कुणासारखं तरी
दिसायलंय बघा."

आधी गड्डा.
सात नंदीध्वज, विणायच्या सुयांचे,
खाली बाराबंदीतले सात जण
चिकणमातीत पाय रोवून.
अक्षता पडतानाचा क्षण धरायचा होता.
केसाएवढ्या नायलॉनला
एकेक दाणा डिंकाने चिकटवला,
एकशे चाळीस दाणे.
पंखा बंद, वाऱ्याने अक्षता हलतात.
माझ्या कपाळाचा थेंब लेन्सवर पडला,
तो त्या फोटोत आहे, डाव्या कोपऱ्यात.
शेठ म्हणाले, दव छान आलंय.

नव्या नवरीचे हलव्याचे दागिने
खसखशीच्या दाण्याचे.
जेवून येतो तर मुंग्यांनी
तिचा हार गळ्यातून सोडवून
भिंतीकडे चालवलेला,
वरातीसारखा, अजिबात घाई नाही.

बतुकम्माला तंगेडूची फुलं मेमध्ये कुठून?
दशांच्या गाठी हळदीत बुडवल्या.
विजापूर वेशीतल्या ईदला
शिरखुर्म्याची वाटी म्हणजे शर्टाचं बटण,
आणि चंद्र म्हणजे
माझ्या अंगठ्याचं कापलेलं नख.
(शेठना सांगू नका.)

डिसेंबरला बर्फ लागतो.
सोलापुरात बर्फ म्हणजे उसाच्या रसात.
बालमणीने पिशवी भरून आणली,
मागाखाली साचते ती कापसाची लव.
चाळणीतून भुरभुरवली
टोप्यांवर, खांद्यांवर, गोठ्यातल्या बाळावर.
अंगावर काटा येईल अशी थंडी पडली.
ती चाळणी झटकत म्हणाली,
"हेच आमच्या ह्यांच्या छातीत हाय.
तेवीस वर्षं पडायलंय."
मी शटर दाबलं की नाही, आठवत नाही.
फोटो आहे,
म्हणजे दाबलं असणार.

मे उरला शेवटी.
"मेला काय लावायचं?"
"मेमध्ये काय असतंय? लाईट जाती."
आणि गेलीच.
दार उघडलं, फरशीवर पाणी मारलं,
तिने ओला टॉवेल पसरून
त्यावर सगळ्यांना आडवं केलं.
बाराबंदीवाले, सुया बाजूला ठेवून,
नवरी, बिनहाराची,
सांताक्लॉज, दाढी काढून उशाला घेतलेली,
बतुकम्मावाल्या एकमेकींच्या दंडावर डोकं टेकून.
कुणाचाच सण नव्हता.
एकच फोटो काढला,
कॅमेरा हातात धरून, श्वास रोखून.

शेठनी तो घेतला नाही.
मेच्या पानावर डबल बेडची चादर आली.

जानेवारीत खऱ्या गड्ड्याला गेलो.
संमती कट्ट्याजवळ खांद्याला खांदा,
मी एक डोळा बारीक करून बघत होतो.
तिसरा नंदीध्वज जरासा कलला होता,
सरळ करायला माझा हात
नकळत पुढे गेला,
कुणाच्या तरी फेट्याला लागला.
मग अक्षता उडाल्या
आणि एका श्वासात खाली.

"थांबल्या न्हाईत ओ," बालमणी म्हणाली,
"आपल्या थांबल्या होत्या."

तिच्या नवऱ्याच्या मफलरवर मात्र
चार दाणे अडकून होते.
तिने ते झटकले नाहीत.
त्याला खोकला आला,
तसे तेही पडले.