प्रवास : होय / नाही

मेसेज आला तेव्हा मी भाचीची वेणी घालत होते.
*पुरुष, चौतीस. हिवताप.*
अर्धी वेणी तशीच सोडून मोटारसायकल काढली.
दोन दिवसांत घर गाठायचं, असा नियम.

पेम्बाचा रस्ता लवंगांमधून जातो.
दोन्ही कडांना चटया, चटयांवर वाळत घातलेला माल;
हॉर्न दिला की बायका चटई ओढून घेतात,
चाक गेलं की पुन्हा पसरतात.

फाकी म्बारूकच्या घरामागे भातखाचर.
ओगराळं बुडवून पाहिलं : तीन अळ्या,
पाण्याच्या पाठीला पाठ लावून आडव्या.
डास इथे असतातच.
ताप मात्र कुणीतरी आणावा लागतो.

घरातल्या सातांची बोटं टोचली.
सगळ्यांच्या पट्टीवर एकच रेघ.
म्हातारीने थेंब देता देता विचारलं,
हे विकता का गं तुम्ही?

मग अकरावा प्रश्न.
गेल्या पंधरा दिवसांत बेटाबाहेर गेला होतात?
"नाही,"
चादरीखालून. दातांवर दात वाजत.

कोपऱ्यात रिकामी पोती, खाऱ्या पाण्याने कडक झालेली.
भरलेली कुठे गेली, हे फॉर्म विचारत नाही.
पलीकडे केनियात किलोमागे जास्त मिळतात
हे गावप्रमुखाला ठाऊक, पोलिसाला ठाऊक,
म्हातारीलाही.

"नाही" लिहिलं तर नकाशावर लाल ठिपका :
ताप इथलाच.
उद्या शंभर घरं, पाचशे बोटं, फवारणीचे पंप.
"होय" लिहिलं तर पुढचा रकाना उघडतो :
कुठे? कशाने? सोबत कोण?

टॅब पालथा ठेवला.
म्हटलं, फाकी, माझा बापही जायचा.
एकदा परत आला तो असाच कुडकुडत,
आणि आमच्या दारात
बोट टोचायला कुणी आलं नाही.
त्या वर्षी आमच्या घरातून दोन गेले.

बराच वेळ कोंबडीच तेवढी बोलत होती.
मग चादरीतून हात आला. चार बोटं.
होडीत आणखी चार.
नावं नाही सांगितली;
दारातून दिसणारी घरं दाखवली,
एकाच्या दारापाशी जरा थांबून :
"तिला सातवा आहे."

लिहिलं : होय. कुठे : मामाकडे, लग्नाला.
कशाने, ते कोरंच सोडलं.

अंधाराला तासभर होता.
गाडी तिथेच ठेवून चालत निघाले.
पहिल्या घरात एक रेघ, दुसऱ्यात दोन.
सात महिन्यांची ती स्वतःच बोट पुढे करून उभी होती,
जणू वाटच पाहत.

चौथ्या घराला कुलूप.
अंगणात चटई तशीच,
लवंगा कुणी उचलल्या नव्हत्या.